सहा महिन्यांचा करार

१९३७ च्या सप्टेंबरमध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १८ वर्षांचा एक मुलगा नोकरीवर रुजू झाला. म्हैसूरहून आला होता. डोक्यावर शेंडी, छाती अरुंद, मॅट्रिकला इंग्रजीत थोडक्यात नापास झालेला, मराठीचा एक शब्द येत नव्हता. काम होतं जिमखान्यावर येणाऱ्यांना आणि शहरातल्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांना आसनं शिकवण्याचं. करार सहा महिन्यांचा. पुण्यात तो राहिला ७७ वर्षं.

बी. के. एस. अय्यंगार हे नाव घेतलं की आपल्यासमोर येतात ते जाड भुवयांचे, कपाळावर उभं नाम लावलेले, साऱ्या जगाचे ‘गुरुजी’. त्यांची कीर्ती, त्यांचे परदेशी शिष्य, ‘योगदीपिका’ हा ग्रंथ यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. मला त्याच्या आधीची गोष्ट सांगायची आहे. म्हैसूरच्या एका राजवाड्यातली तीन वर्षं, मग धारवाड-बेळगावचा एक दौरा आणि मग पुण्यातला तो करार. आज गल्लोगल्ली दिसणारा ‘योगाचा सर’ नावाचा माणूस याच रस्त्यावर घडला, आणि त्याला घडवण्यात पुण्यातल्या टवाळ कॉलेजकुमारांचा वाटा त्याच्या गुरूइतकाच मोठा आहे, असं माझं मत आहे.

कॉलेजातल्या मुलांना शरीराचं शिक्षण देण्यासाठी पगारी माणूस ठेवायचा, ही कल्पनाच तेव्हा फार जुनी नव्हती. अमेरिकेत १८९२ मध्ये नव्याने उघडलेल्या शिकागो विद्यापीठाने एमॉस अलोन्झो स्टॅग याला मुलांचा फुटबॉल संघ सांभाळायला बोलावलं आणि वर प्राध्यापकाचा दर्जाही दिला. तो तिथे १९३२ पर्यंत, चाळीस वर्षं टिकला. स्टॅग घडला होता वायएमसीएच्या स्प्रिंगफील्ड इथल्या प्रशिक्षण शाळेत. तिथेच १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथने बास्केटबॉलचा खेळ शोधून काढला. त्याच शाळेत तयार झालेला हॅरी क्रो बक मद्रासला आला आणि त्याने १९२० मध्ये शारीरिक शिक्षणाचं विद्यालय काढलं. भारतभरच्या शाळा-कॉलेजांना तिथून ‘फिजिकल डायरेक्टर’ मिळू लागले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारतीय संघाचा व्यवस्थापक म्हणून गेला तो हाच बक.

आपल्याकडे तालमीतला वस्ताद होता, संस्थानिकांच्या पदरी मल्ल होते. कोल्हापूरला शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधून घेतलं, बडोद्याला माणिकरावांची जुम्मादादा व्यायामशाळा नावाजली होती, अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायामशाळा काढली. आसनं मात्र या सगळ्याच्या बाहेर होती. ती साधूंची, मठांची, नाहीतर एखाद्या गृहस्थाच्या देवघरातली गोष्ट. तास लावून, हजेरी घेऊन, पंचवीस मुलांना एका रांगेत उभं करून कुणी आसनं शिकवावीत, असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. ते आलं दोन ठिकाणी, आणि जवळजवळ एकाच वेळी.

पहिलं ठिकाण आपलं. जगन्नाथ गणेश गुणे हे माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले, पुढे अमळनेरला शिक्षक झालेले गृहस्थ. माळसरच्या माधवदासजींकडे त्यांनी योगाभ्यास केला, स्वामी कुवलयानंद हे नाव घेतलं आणि १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. आसन केल्याने पोटात नेमका किती दाब पडतो, डायफ्रामचं काय होतं, हे यंत्रं लावून मोजायचं आणि ‘योगमीमांसा’ नियतकालिकात छापायचं, हा त्यांचा खाक्या. इकडे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराला संस्थानाचं व्रत करून बसले होते. शाळेतल्या पोरांपासून दरबारातल्या मानकऱ्यांपर्यंत सगळ्यांना नमस्कार घालायला लावायचे, स्वतः घालायचे.

दुसरं ठिकाण म्हैसूर.

म्हैसूरला जाणारी मराठी मंडळी जगनमोहन पॅलेसमध्ये हमखास जातात. तिथल्या चित्रसंग्रहात हातात दिवा घेतलेली जी स्त्री आहे, ती पाहायला रांग लागते. राजा रविवर्म्याचं चित्र म्हणून कित्येक जण ते पाहून येतात. प्रत्यक्षात ते सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी आपल्या मुलीला समोर उभं करून काढलेलं आहे. मराठी माणसाने तरी हे नाव विसरू नये. पण याच राजवाड्याच्या आवारात, व्यायामशाळेच्या दालनात, १९३३ मध्ये एक योगशाळा सुरू झाली होती, ही गोष्ट आपल्याला क्वचितच कुणी सांगतं.

गादीवर होते चौथे कृष्णराज वडियार. गांधीजींनी ज्यांना ‘राजर्षी’ म्हटलं ते हे. १९१६ मध्ये त्यांनी म्हैसूर विद्यापीठ काढलं, संस्थानी मुलुखातलं ते पहिलंच विद्यापीठ. या राजाला शरीराच्या प्रत्येक विद्येचं वेड होतं. दसऱ्यात कुस्त्यांचे फड लागायचे, गावात पैलवानांच्या गरड्या होत्या, राजवाड्यात पाश्चात्त्य कसरतींची साधनं होती, टांगलेले दोर होते. शरीरसौष्ठवाचा नवा प्रचार करणाऱ्या बंगळूरच्या के. व्ही. अय्यर यांनाही महाराजांचा आश्रय होता. नवं जे येईल ते पाहावं आणि जुनं जे असेल ते मरू देऊ नये, अशी त्यांची वृत्ती.

या राजाच्या नजरेत तिरुमलै कृष्णम्माचार्य भरले. जन्म १८८८ चा, चित्रदुर्गाजवळच्या मुचुकुंदपुराचा. म्हैसूरच्या परकाल मठाशी घराण्याचा संबंध. म्हैसूर आणि काशीला शास्त्रं शिकलेले. मानसरोवराच्या परिसरात राममोहन ब्रह्मचारी नावाच्या गुरूपाशी सात वर्षं राहिल्याचं ते सांगत. एवढी विद्या अंगी असूनही पोटासाठी हासन भागात कॉफीच्या मळ्यावर नोकरी करावी लागली. महाराजांनी त्यांना आधी संस्कृत पाठशाळेत आणि मग योगशाळेत आणलं. तिथे येणारी बरीचशी मुलं राजघराण्याशी नातं सांगणाऱ्या अरसू समाजातली. खोडकर, चपळ, खेळात रमणारी मुलं. त्यांना बसवून ध्यान शिकवणं शक्य नव्हतं. कृष्णम्माचार्यांनी आसनं एकामागून एक, श्वासाच्या तालावर, उड्या घेत, न थांबता करून घ्यायला सुरुवात केली. शेजारच्या कसरतींचा त्यावर किती परिणाम झाला यावर अभ्यासकांचे वाद आहेत. नॉर्मन शोमन आणि मार्क सिंगल्टन यांनी त्यावर पुस्तकं लिहिली आहेत. मला त्या वादात एवढंच महत्त्वाचं वाटतं की समोर बसलेला विद्यार्थी बदलला की विद्येची रीत बदलते, आणि कृष्णम्माचार्यांनी ती बदलायला संकोच केला नाही. १९३४ मध्ये त्यांचं ‘योगमकरंद’ हे कन्नड पुस्तक निघालं.

त्याच वर्षी महाराजांनी त्यांना लोणावळ्याला पाठवलं. कुवलयानंद काय करताहेत ते पाहून या, म्हणून. वाटेत ते बंगळूरला सासुरवाडीच्या माणसांकडे थांबले. बायको नामगिरी म्हैसूरला एकटीच होती. परत येईपर्यंत तिच्या सोबतीला जा, असं त्यांनी आपल्या धाकट्या मेहुण्याला सांगितलं. लोणावळ्याची ही फेरी झाली नसती तर तो मुलगा म्हैसूरला गेलाच नसता.

बेल्लूर कृष्णम्माचार सुंदरराज, म्हणजेच बी. के. एस. अय्यंगार. कोलार जिल्ह्यातल्या बेल्लूर गावात १४ डिसेंबर १९१८ ला जन्म. इन्फ्लुएंझाची साथ गावोगाव माणसं नेत होती, आणि आई शेषम्मा त्याच तापात असताना बाळंत झाली. तेरा भावंडांत हा अकरावा. बाप शाळामास्तर, मुलगा नऊ वर्षांचा असताना गेला. मग मलेरिया, विषमज्वर, क्षय. हातपाय काड्यांसारखे, पोट पुढे आलेलं, मान टाकलेली. मुलाच्या अंगात काही दम नाही, हे घरादाराने गृहीत धरलं होतं.

लोणावळ्याहून परतल्यावर कृष्णम्माचार्यांनी त्याला ठेवून घेतलं. आसनांनी प्रकृती सुधारेल, म्हणाले. थोडं शिकवून पाहिलं, मुलाचे हात गुडघ्यांच्या खाली जाईनात, तेव्हा नाद सोडला. मग तो घरात राहिला तो आश्रित नातेवाईक म्हणून. पहाटे उठायचं, बागेला पाणी घालायचं, सांगितलेली कामं करायची, शाळेला जायचं आणि मेहुण्यांच्या समोर शक्यतो पडायचं नाही. कृष्णम्माचार्यांचा दरारा असा की ते रस्त्याच्या एका बाजूने आले की ओळखीचे लोक दुसऱ्या बाजूला जात, असं अय्यंगार सांगत.

घरात केशवमूर्ती नावाचा एक मुलगा होता, गुरूंचा लाडका, आसनांत तयार. एके दिवशी तो निघून गेला तो परत आलाच नाही. मोठा कार्यक्रम तोंडावर होता. बाहेरगावचे पाहुणे यायचे होते, महाराजांच्या समोर योग दाखवायचा होता, आणि दाखवणारा मुलगाच नाही. मेहुण्यांची नजर सुंदरराजकडे वळली. चार-दोन दिवसांत डोंगरभर आसनं करून घेतली. मुलाने ती कशीबशी केली, कार्यक्रम पार पडला, आणि त्या दिवसापासून तो गुरूंच्या प्रदर्शनांतला नेहमीचा मुलगा झाला. गुरूंनी समोर उभं राहून शिकवलेले दिवस मोजायला गेलं तर फार थोडे भरतील, असं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं.

प्रदर्शन हा शब्द इथे नीट लक्षात घ्यायला हवा. योगशाळा राजाच्या पैशावर चालत होती आणि राजाला योगाचा प्रचार हवा होता. पाहुणा आला की योग दाखवायचा. डॉक्टर आले तर कृष्णम्माचार्य नाडी मंद करून दाखवत. मुलांनी शरीराच्या गाठी मारून दाखवायच्या. असाच एकदा मद्रासचा एक न्यायाधीश पाहुणा आला. गुरूंनी सुंदरराजला हनुमानासन करायला सांगितलं, म्हणजे एक पाय पुढे आणि एक मागे सरळ जमिनीला टेकवायचा. मुलाला ते आसन माहीतच नव्हतं. गुरूंनी तिथल्या तिथे सांगितलं, पाय असे पसर. नाही म्हणायची छाती नव्हती म्हणून त्याने सबब काढली: चड्डी इतकी घट्ट शिवली आहे की पाय पसरताच येणार नाहीत. गुरूंनी एका मोठ्या विद्यार्थ्याला कात्री आणायला पाठवलं. चड्डी दोन्ही बाजूंनी कापली. मग मुलाने आसन केलं. मांडीचे मागचे स्नायू फाटले. त्यानंतर कित्येक वर्षं नीट चालताना त्रास होत होता.

हा प्रसंग बरेच जण गुरुनिष्ठेची कसोटी म्हणून सांगतात. मला तो तसा सांगवत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या, क्षयातून उठलेल्या मुलाला पाहुण्यांसमोर मोडलं, एवढंच त्यात आहे. अय्यंगारांनी गुरूंचा मान शेवटपर्यंत राखला, त्यांच्याविषयी बोलताना हात जोडले, आणि तरीही हा प्रसंग लपवला नाही. दोन्ही गोष्टी त्यांच्या मोठेपणाच्या. आणि पुढे आयुष्यभर त्यांनी ‘हे आसन केलंस तर तुझ्या कुठल्या स्नायूवर काय ताण येईल’ याची जी काळजी घेतली, तिची मुळं मला त्या कापलेल्या चड्डीत दिसतात.

म्हैसूरच्या त्या वर्षांत दुसराही एक तरुण तयार होत होता. हासन भागातल्या कौशिक गावचा पट्टाभी जोइस. महाराजांच्या संस्कृत कॉलेजात तो शिकत होता आणि १९३७ पासून तिथेच योगाचा शिक्षक झाला. कॉलेजच्या वेळापत्रकात योगाचा तास आणि त्याला पगारी मास्तर, हे इथे झालं. जोइसांनी ही नोकरी १९७३ पर्यंत इमानाने केली. अरसू मुलांसाठी बसवलेली ती उड्यांची, श्वासाच्या तालाची रीत त्यांनी जवळजवळ तशीच जपली, आणि आज अमेरिकेत-युरोपात जो ‘अष्टांग’ नावाने घाम गाळून केला जातो तो हाच. १९३७ च्या जानेवारीत तर वायएमसीएची जागतिक परिषदच म्हैसूरला भरली. व्यायामशाळा आणि कॉलेज यांची सांगड घालणारी ती जगड्व्याळ संस्था आणि राजवाड्यातली ती लहानशी योगशाळा काही काळ एकाच गावात होत्या.

आता दौऱ्याकडे येतो. १९३६ मध्ये कृष्णम्माचार्य आपल्या मुलांना घेऊन उत्तरेला निघाले. हुबळी, धारवाड, बेळगाव. तेव्हा हा सगळा भाग मुंबई इलाख्यात होता, म्हैसूर संस्थानाच्या हद्दीबाहेर. इथे राजाज्ञा चालत नव्हती. लोकांना पटलं तर ते पुढे येणार. धारवाडला कार्यक्रमानंतर काही स्त्रियांनी शिकायची इच्छा दाखवली. त्या काळच्या चालीप्रमाणे त्या मोठ्या पुरुषाकडे शिकायला तयार नव्हत्या. तेव्हा सगळ्यांत लहान कोण, म्हणून सुंदरराजला पुढे केलं. अय्यंगार शिक्षक झाले ते इथे, वयाने लहान होते या एकाच गुणावर.

बेळगावला सिव्हिल सर्जन होते डॉ. व्ही. बी. गोखले. त्यांनी हा कार्यक्रम पाहिला. आयुष्य शस्त्रक्रियेच्या टेबलाशी गेलेल्या या माणसाने ती शरीरं वळताना पाहिली आणि त्याच्या डोक्यात प्रश्न उठले. सांधा इतका फिरतो कसा, पोटातल्या अवयवांचं काय होतं, मणक्याला काय मिळतं. पुढच्या वर्षी निवृत्त होऊन ते पुण्याला आले आणि त्यांनी म्हैसूरला लिहिलं: आमच्याकडे एक शिक्षक पाठवा.

अय्यंगारांवर लिहिणारे गोखल्यांना एका ओळीत उरकतात. मला हा माणूस या गोष्टीत फार मोठा वाटतो. राजा नव्हे, मठाधिपती नव्हे, पेन्शनीत निघालेला एक सरकारी डॉक्टर. पाहिलेलं विसरला नाही, वर्षभराने पत्र लिहिलं, जिमखान्याला तयार केलं आणि पुढे त्या पोराच्या शेजारी उभा राहिला.

म्हैसूरहून जायला कोण तयार होतं? कुणीच नाही. मोठ्या शिष्यांना संस्थान सोडायचं नव्हतं. थोडंफार इंग्रजी येणारा सुंदरराज होता, आणि त्याला मेहुण्यांच्या धाकातून सुटायचं होतं. तो निघाला.

डेक्कन जिमखाना म्हणजे त्या काळच्या पुण्यातली सगळ्यांत उत्साही जागा. १९०६ मध्ये बंडोपंत भाजेकरांनी तो उभा केला. खो-खो, आट्यापाट्यांचे नियम बसवण्यात त्याचा हात होता. दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष असताना तिथले सामने पाहून त्यांच्या मनात आलं की ही मुलं ऑलिंपिकला गेली पाहिजेत, आणि १९२० मध्ये अँटवर्पला भारताचा जो पहिला छोटासा संघ गेला तो इथूनच निघाला. त्यात बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावला आणि एकोणिसावा आला. रणधीर शिंदे कुस्तीत चौथा. अशा जागेवर, अशा मैदानावर तयार झालेल्या पोरांसमोर आता हा शेंडीवाला मद्रासी ‘मास्तर’ उभा राहणार होता. (पुण्यात तेव्हा विंध्याच्या नव्हे, तुंगभद्रेच्या पलीकडचा प्रत्येक जण मद्रासीच.)

मुलं त्याच्यापेक्षा वयाने थोडी मोठी, अंगाने दुप्पट, इंग्रजी फडाफडा बोलणारी. ती हसली. त्याच्या उच्चारांवर हसली, शेंडीवर हसली, काटकुळ्या छातीवर हसली. जोर-बैठका मारणाऱ्या, क्रिकेट खेळणाऱ्या या मुलांना पटवायचं कसं? राजाची आज्ञा नव्हती, गुरूचा दरारा त्याच्यापाशी नव्हता, शास्त्र सांगावं तर शास्त्र कुणी शिकवलंच नव्हतं. गुरूंनी दिली होती ती प्रदर्शनाची आसनं. ती करून दाखवता येत होती. पण एखाद्याने विचारलं, ‘मास्तर, माझा गुडघा का दुखतो?’ तर उत्तर नव्हतं.

मग त्याने एकच गोष्ट केली. खोलीवर जाऊन स्वतःच्या अंगावर प्रयोग. दिवसाला दहा-दहा तास. मुलांना जिथे दुखलं तिथे आपल्याला दुखेपर्यंत आसन करून पाहायचं, पाऊल जरा वळवून पाहायचं, टाच दाबून पाहायची, आणि कुठे वेदना जाते ते शोधायचं. दुसऱ्या दिवशी तेच मुलांवर. त्रिकोणासनाचं उदाहरण घ्या. म्हैसूरला ते क्षणात होऊन पुढे जायचं आसन. पुण्यात ते थांबलं. पुढच्या पावलाची बाहेरची कड जमिनीला टेकली आहे का, गुडघ्याची वाटी वर खेचली आहे का, ती आत तर ढळत नाही ना, मागची टाच भक्कम आहे का, बरगड्या छताकडे वळताहेत की जमिनीकडे पडताहेत, मान कुणाच्या जिवावर उभी आहे. एका आसनात इतक्या गोष्टी पाहायच्या असतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दणकट पण आखडलेल्या कॉलेजच्या पोरांची शरीरं पाहत, हात लावत, सरळ करत तो हे शिकला. क्रिकेटपटूचे खांदे, पैलवानी मांड्या, दिवसभर टेबलाशी वाकून बसणाऱ्याची पाठ. अय्यंगार पद्धत म्हणून पुढे जी जगभर गेली तिचा पहिला धडा हा असा गिरवला गेला.

गोखले जाहीर व्याख्यानं देत आणि अय्यंगार शेजारी आसनं करत. डॉक्टरांनी त्यांना बजावून ठेवलं होतं की शरीराचं विवेचन माझ्यावर सोड, तू आसन चोख कर. व्यासपीठावर स्नायूंची, सांध्यांची नावं कानावर पडत गेली आणि आपण करतो त्याला डॉक्टरी भाषेत काय म्हणतात ते या मॅट्रिक नापास मुलाला कळत गेलं. याहून चांगलं महाविद्यालय त्याला मिळालं नसतं.

सहा महिने संपले तेव्हा करार वाढला. पुन्हा वाढला. तीन वर्षं असं चाललं, आणि १९४० मध्ये जिमखान्याची नोकरी सुटली. म्हैसूरला परत जायचं नाही हे नक्की. पुण्यात राहायचं तर शिकवण्या शोधायच्या. सायकलवरून घरोघरी. त्या काळात दोन-तीन दिवसांतून एकदा भात, बाकी वेळ चहा आणि नळाचं पाणी, असं त्यांनीच सांगितलं आहे. सुखवस्तू माणसाच्या घरी आसनं शिकवायला जाणाऱ्याच्या पोटात काही नाही हे त्या घरात कुणाला माहीत नसायचं. १९४३ मध्ये रमामणी यांच्याशी लग्न झालं. संसाराची भांडी-कुंडी मित्रांकडून उसनी. रमामणींना आधी योगातलं काही माहीत नव्हतं. नवऱ्याने त्यांना शिकवलं ते अशासाठी की माझं आसन चुकतं कुठे ते पाहायला घरात एक डोळस माणूस हवं. त्या डोळस होत्याच.

म्हैसूरला मात्र दिवस फिरले होते. ३ ऑगस्ट १९४० ला कृष्णराज वडियार गेले. पुढे जयचामराजेंद्र गादीवर आले, संस्थान विलीन झालं, लोकनियुक्त सरकार आलं आणि १९५० मध्ये योगशाळा बंद पडली. एका राजाच्या आवडीवर उभी राहिलेली संस्था राजाबरोबर गेली. कृष्णम्माचार्य साठी ओलांडून पुन्हा पोटाच्या विवंचनेत पडले. बंगळूर करून ते मद्रासला गेले आणि तिथे विवेकानंद कॉलेजने त्यांना शिकवायला बोलावलं. राजवाड्याने सोडलेल्या या पंडिताला आधार मिळाला तो कॉलेजचा. १९८९ मध्ये, वयाची शंभरी पार करून, ते गेले. त्यांची एक शिष्या, इंद्रादेवी नावाची रशियन वळणाची बाई, म्हैसूरहून शिकून शांघायला आणि तिथून हॉलिवुडला पोचली होती. पण ती वेगळी कथा आहे.

पुण्यातल्या मास्तराला १९५२ मध्ये मुंबईत यहुदी मेन्युहिन भेटले. व्हायोलिन वाजवून खांदे-मान गेलेली. त्यांना आराम पडला आणि १९५४ मध्ये ते अय्यंगारांना स्वित्झर्लंडला घेऊन गेले. १९६६ मध्ये ‘योगदीपिका’ हा ग्रंथ इंग्रजीत निघाला. हे सगळं वाचकांना ठाऊक आहे, म्हणून त्यात शिरत नाही. एवढंच सांगतो की मेन्युहिनच्या खांद्यावर हात ठेवणाऱ्या माणसाने तोपर्यंत पंधरा वर्षं पुण्यातल्या शेकडो अनोळखी खांद्यांवर हात ठेवला होता.

१९७३ हे वर्ष या गोष्टीत विलक्षण आहे. पट्टाभी जोइस म्हैसूरच्या संस्कृत कॉलेजातून ३६ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले. पुण्यात २५ जानेवारीला अय्यंगारांच्या संस्थेची पायाभरणी झाली, आणि तिसऱ्या दिवशी, २८ जानेवारीला रमामणी गेल्या. १९ जानेवारी १९७५ ला शिवाजीनगरला संस्था सुरू झाली ती त्यांचं नाव घेऊन. तिच्या भिंतींना दोर आहेत. शिकणाऱ्याने ते धरून, त्यांत अडकून, शरीराचा भार सोडून आसन करायचं. म्हैसूरच्या व्यायामशाळेत लोंबणाऱ्या दोरांशी त्यांचं नातं आहे. म्हैसूरला ते ताकदीसाठी होते, इथे ते ज्याला ताकद नाही त्याच्यासाठी आहेत.

त्या शिकणाऱ्यांत बायका पहिल्यापासून मोठ्या संख्येने आल्या. थोरली मुलगी गीता लहानपणी मूत्रपिंडाच्या विकाराने अंथरुणाला खिळली होती. औषधांना पैसे कुठून आणायचे ही स्थिती. वडिलांनी तिला आसनांवर घेतलं. ती उठली, शिकली, वडिलांच्या वर्गात त्यांच्या शेजारी उभी राहू लागली, आणि स्त्रियांच्या शरीराचा विचार करून तिने योगावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. १९८४ मध्ये अय्यंगारांनी वर्ग घेणं थांबवल्यावर संस्थेचे तास गीता आणि तिचा भाऊ प्रशांत घेऊ लागले. धारवाडच्या स्त्रियांनी १९३६ मध्ये पुरुष मास्तर नको म्हणून एका पोराला पुढे करायला लावलं होतं. त्याच्या मुलीसमोर आता पुण्यात जगभरचे शिक्षक, बाया आणि पुरुष दोघेही, शिकायला बसत होते.